दीड किलो तुरीने निवडून आलेला मालक

मतदानाची वेळ झाली की नाना उठत, आपली लोखंडी खुर्ची उलटी फिरवत आणि सभेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा रागावला. मी सवयीने माफीही मागून टाकली. कशाबद्दल ते माहीत नव्हतं, पण माझ्या हातून रोज काही ना काही होतच असे, तेव्हा एखादी माफी वाया जाण्याची भीती नव्हती. नाना भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, “रागावलो नाही रे. माझं तोंड दिसलं की लोक माझ्या मनातलं मत देतात. त्यांच्या मनातलं राहून जातं. तू हात मोज.”

मी हात मोजले. सगळेच्या सगळे वर होते. एक तर सगळे वर, नाही तर एकही नाही, असंच नेहमी असे. पुढे डाळगिरणीतल्या सुपडू मिस्तरीने मला त्यातलं गुपित सांगितलं. तोंड फिरवून काही उपयोग नव्हता, कारण नानांची मान बोलत असे. ठराव पसंत असला की मान ताठ. पसंत नसला की ते उजव्या हाताने मानेवरून रुमाल फिरवत. लोक त्या मानेकडे बघून हात वर करत किंवा खाली ठेवत. उन्हाळ्यात मात्र पंचाईत व्हायची. जळगावच्या मे महिन्यात रुमाल फिरला तो मताचा की घामाचा, हे न ओळखता आल्यामुळे दोन चांगले ठराव नापास झाले.

हे नाना म्हणजे आमच्या ‘श्रमकारभार केंद्रा’चे संस्थापक, सचिव, झाडूवाले आणि चहावाले. केंद्र म्हणजे जळगावात एका सायकलच्या दुकानावरची खोली. कारखाना जे चालवतात त्यांचाच कारखान्याच्या कारभारात शब्द असावा, आणि जमलं तर कारखानाच त्यांचा असावा, एवढं केंद्राचं म्हणणं. नानांना शेठही नको होता आणि सरकारी साहेबही नको होता. “शेठची गिरणी पाहिली, सरकारची गिरणी पाहिली,” ते म्हणत, “खुर्ची तीच. फक्त वरची उशी बदलते.” हे वाक्य ते जळगावपासून धुळ्यापर्यंत सगळीकडे सांगत आणि लोक सगळीकडे मान डोलवत. मान डोलवली की नाना खचत.

कारण नानांना जन्मात एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या तोंडावर कोणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. आमच्या खानदेशात ही गोष्ट सोन्याहून दुर्मीळ. वडीलधारा माणूस समोर बसलेला असताना त्याला नाही म्हणायचं म्हणजे पंगतीत बसून ताट लाथाडण्यासारखं. माणूस ‘हो’ म्हणेल, घरी जाईल आणि मग जे करायचं ते करेल. किंवा काहीच करणार नाही. नानांच्या वाट्याला साठ वर्षांत हजारो ‘हो’ आले होते आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता.

मी धुळ्याचा. अर्थशास्त्रात एम.ए. होऊन तीन वर्षं घरी बसलो होतो आणि बसण्यात चांगली प्रगती होती. वडिलांनी ओळखीतून नानांकडे पाठवलं. नानांनी समोर बसवून स्वतःच्या हातचा चहा दिला. त्यात सुंठ इतकी होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. “कसा झालाय?” त्यांनी विचारलं. “फारच छान,” मी म्हणालो. नानांचा चेहरा पडला. “ठेवून घेतो तुला,” ते म्हणाले, “पण तुझ्यावर फार मेहनत घ्यावी लागेल.” पुढचे पंधरा महिने मी तो चहा रोज दोनदा प्यायलो आणि रोज दोनदा छान म्हणालो.

माझं पद ‘प्रशिक्षक’. पहिल्याच वर्गात मी चटई कारखान्यातल्या कामगारांना वरकड मूल्य शिकवलं. दीड तास. फळ्यावर तीन आकृत्या, दोन बाण आणि एक वर्तुळ, जे कशासाठी काढलं ते मलाही नंतर आठवेना. शेवटी विचारलं, कोणाला काही शंका? मागून एक हात वर आला. मला भरून आलं. तो माणूस म्हणाला, “भाऊ, तुम्ही उभे आहात तिथून जरा सरका. कूलर अडलाय.” मी ओशाळलो, पण नाना खूश झाले. घरी जाताना म्हणाले, “हा माणूस बोलला. बाकी तुझा दीड तास फुकट गेला.”

ही ‘नाही’ची ओढ त्यांना कुठून लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नाना आधी धुळ्याच्या एका कापडगिरणीत टाइमकीपर होते. एका पाळीला साहेबाने एक यंत्र सुरू करायला सांगितलं. त्याचा पट्टा फाटत आलाय, हे खात्यातल्या सोळा माणसांना ठाऊक होतं. साहेबाने विचारलं, चालू करायचं ना? सोळा जण म्हणाले, हो साहेब. पट्टा तुटून एका माणसाचा हात गेला. “सोळा जणांना माहीत होतं,” नाना म्हणाले, “सतरावा मी. मला तर वहीत वेळ लिहायची म्हणून पट्ट्याच्या अगदी शेजारी उभं केलं होतं.” मी मान डोलवली. तेवढी एक गोष्ट मला त्या काळात येत होती.

लोकांना ‘नाही’ म्हणायला लावण्यासाठी नानांनी नाना तऱ्हा केल्या. त्यातली एक म्हणजे मुद्दाम चुकीचं बोलायचं. आम्ही एकदा मुक्ताईनगरकडच्या, म्हणजे तेव्हाच्या एदलाबादकडच्या एका गावात केळीवाल्या शेतकऱ्यांची सभा घेतली. केळी मिळून विका, मिळून गाड्या भरा, असा विषय होता. बोलता बोलता नाना शांतपणे म्हणाले, “आता बघा, केळीचं एक झाड लावलं की दहा वर्षं फळ देतं.” समोर पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकवणारी चाळीस माणसं बसलेली. ज्यांच्या घरातलं रांगणारं पोरही सांगेल की घड उतरला की झाड संपलं. ती चाळीसच्या चाळीस माणसं म्हणाली, “हो ना, नाना.” एकाने तर “बारा पण देतं एखादं,” अशी भर घातली. सभा संपल्यावर आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा एक म्हातारे आबा मागून धावत आले. नानांना बाजूला घेऊन, चप्पल काढून, अगदी हळू आवाजात म्हणाले की तुम्ही सांगता ते खरंच असेल, पण आमच्या शिवारात अजून तसं झालेलं नाही. नानांनी त्यांना मिठीच मारली. आबा घाबरून दोन पावलं मागे सरकले.

पण मला सांगायचंय ते डाळगिरणीचं, कारण तिथला घोळ सर्वस्वी माझा.

जळगावात डाळगिरण्या पुष्कळ. त्यातली एक छोटी गिरणी मालकाने बंद केली आणि तो आपला बाडबिस्तरा घेऊन परगावी गेला. तिथले चोवीस कामगार, त्यात पंधरा बाया, केंद्रात आले. नानांनी चार महिने खटपट करून, कामगारांची संस्था काढून ती गिरणी भाड्याने मिळवली. यंत्रं सुपडू मिस्तरीच्या हाताखालची. वाळवणाचा ओटा गयाअक्काचा. गयाअक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या, लग्न होऊन जळगावात आलेल्या, पन्नाशीच्या. वीस वर्षं त्या ओट्यावर तूर वाळवत होत्या. सभेत शेवटच्या रांगेत बसत, पदराचं टोक दातात धरून. त्या कधी बोलल्या नव्हत्या.

आता ठरवायचं होतं की गिरणी कोणी चालवायची. सगळ्यांनी मिळून, आपसात माणसं निवडून, की पूर्वीसारखा एक मालक आणून बसवायचा. नानांचा आग्रह होता की हे लोकांनीच ठरवावं. आणि हात वर करून ठरवलं तर पुन्हा मानेकडे बघतील. म्हणून गुप्त मतदान. निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की केंद्रात काळजीचं वातावरण पसरत असे, पण त्या दिवशी नाना धुळ्याला गेलेले होते.

गोणपाटाचा पडदा लावून मागे दोन मडकी ठेवायची. डावं मडकं ‘आपण सगळे’, उजवं ‘एक मालक’. बाहेर तुरीचं सूप. ज्याने त्याने तूर घ्यायची, पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या मडक्यात टाकायची. मी स्वतः आत जाऊन ‘आपण सगळे’ या मडक्यात एक दाणा टाकून दाखवला. टण्‌ असा आवाज आला. सगळ्यांना समजलं. तरी सुपडू मिस्तरीने विचारलं की भाऊ, मालक म्हणजे कोण येणार? मी म्हणालो, “कोणीही येऊ शकतो. उदाहरणार्थ, आपले नाना.”

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘उदाहरणार्थ’ हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. त्याने कोणाचं वाटोळं केल्याचं ऐकिवात नव्हतं.

नाना संध्याकाळच्या गाडीने आले. मडकी त्यांच्यासमोर ओतली. ‘एक मालक’ या मडक्यातून तूर पडायला लागली ती थांबेचना. चोवीस मतदार आणि मतं ओंजळीत मावेनात. चौकशी केली तेव्हा कळलं की मी ‘एक दाणा’ असं सांगायला विसरलो होतो, आणि सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. बाया म्हणाल्या, भाऊ, ओटी भरताना कोणी एक दाणा घालतं का? इतका दरिद्रीपणा शुभकामाला? प्रत्येकीने मूठ भरून घातली होती. बायांनी मूठ घातली म्हणून पुरुषांनीही मूठ घातली. काट्यावर तोललं, दीड किलो भरलं. नाना दीड किलो तुरीने गिरणीचे मालक म्हणून निवडून आले.

दुसऱ्या मडक्यात एकच दाणा होता.

नानांनी तो तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. “एक आहे,” ते म्हणाले. “एक जण तरी आहे.” त्यांच्या आवाजात असं काही होतं की तो दाणा माझा, दाखवण्यासाठी टाकलेला आणि काढायला विसरलेला, हे माझ्या ओठांवर येऊन परत गेलं. नानांनी तो कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवला. बाकीच्या मतांची दुसऱ्या दिवशी उसळ झाली.

मी म्हणालो, मतदान पुन्हा घेऊ. नाना म्हणाले, “निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा घ्यायचं असेल, तर पहिल्यापासून मीच हुकूम सोडलेला काय वाईट?” आणि ते मालक झाले. एखाद्याला आयुष्यभर दारूबंदीचा प्रचार करून शेवटी गुत्त्याचा वारसा मिळावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

लोकांना मात्र हायसं वाटलं. जुन्या शेठची गादी माळ्यावरून काढली, झटकली, तक्क्याला नवा अभ्रा घातला. नानांना त्यावर बसवलं. सकाळी येताना प्रत्येक जण दारात थांबून ‘राम राम मालक’ म्हणे. नाना पहिल्या दिवशी कळवळले, दुसऱ्या दिवशी कण्हले, तिसऱ्या दिवशी त्यांनी मान हलवून राम राम घेतला. पाचव्या दिवशी सुपडू मिस्तरी राम राम न करता आत गेला, तेव्हा नानांनी मला विचारलं, “मिस्तरी आज आला नाही का?” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं त्यांना कळलं नव्हतं. खुर्ची भिंतीकडे फिरवायचं तर ते पार विसरूनच गेले होते. मालकाला कशाला फिरवावी लागते?

आता तुरीचं असं असतं की तिला आधी तेल चोळतात, पाणी देतात आणि मग ओट्यावर उन्हात पसरून खडखडीत वाळवतात. तेव्हा कुठे तिचं साल सुटतं आणि दाण्याची नीट दोन दळं होतात. बाया दिवसभर उन्हात उभ्या राहून पायांनी ती तूर फिरवतात. जामनेरकडच्या काही शेतकऱ्यांनी केवळ नानांच्या नावावर विश्वास ठेवून आपली तूर आमच्याकडे घातली होती. ती आमची पहिलीच तूर. ती बिघडली तर दुसरी कोणी घालणार नव्हतं, आणि गिरणीला पुन्हा कुलूप लागणार होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी नाना गादीवरून उठून ओट्याकडे गेले. ऊन असं की कावळासुद्धा भिंतीच्या सावलीने चालत होता. पंधरा बाया डोक्याला फडकी बांधून भाजत होत्या. नानांना ते बघवेना. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला: बारा ते चार कोणीही उन्हात काम करायचं नाही, आणि ओलसर तूर गोदामात सावलीत पसरायची. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. गयाअक्कांनी पदराचं टोक दातात धरलं. मग सगळ्या म्हणाल्या, हो मालक.

मी तिथेच होतो. मला डाळीतलं काही कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. सुपडू मिस्तरीचा चेहरा तर असा झाला होता की जणू कोणी त्याच्या यंत्रात वाळू ओततंय. मी काय केलं? मी म्हणालो, “फार माणुसकीचा निर्णय घेतलात, नाना.”

तीन दिवस तूर सावलीत पडून राहिली. गोदामात आंबूस वास सुटला. मिस्तरीने हो-ना करत थोडी यंत्रात घातली, तर ती भरडण्याऐवजी लगदा होऊन चिकटली. यंत्र बंद पडलं. ते साफ करताना मिस्तरी जे बोलला ते यंत्राला उद्देशून होतं, असं त्याने नंतर सांगितलं. आणि इतकं होऊनही गादीपर्यंत कोणी गेलं नाही. चोवीस जणांना माहीत होतं. पंचविसावा मी.

चौथ्या दिवशी सकाळी गयाअक्का गादीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मागे दारात बाकीच्या बाया, त्यांच्या मागे पुरुष. अक्कांनी पदर तोंडातून काढला, खोचला आणि म्हणाल्या, “नाना, ऊन लागस ते आम्हले. ते आम्ही देखी लिसूत. पन तूर सावलीमा वायस का?”

म्हणजे ऊन लागतं ते आम्हाला, आमचं आम्ही बघून घेऊ. पण तूर कधी सावलीत वाळते का? साठ वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण नानांच्या दारात नऊवारी नेसून उभा होता. मला वाटलं, आता हे अक्कांनाही मिठी मारतात की काय. नानांचा चेहरा लाल झाला. ते तक्क्यावरून पुढे सरकले आणि कडाडले, “मला शिकवतेस? इथे मालक कोण आहे?”

असा आवाज मी गिरणीत कधी ऐकला नव्हता. नानांनीही नसावा, कारण ते स्वतःच इकडेतिकडे बघायला लागले, हे कोण बोललं म्हणून.

गयाअक्का जागच्या हलल्या नाहीत. “मालक तुम्हीच शेतस,” त्या म्हणाल्या, “ते बठ्ठं खरं शे. पन तूर वायनी नही.” म्हणजे ते सगळं खरं, पण तूर काही वाळली नाही.

नाना बसल्या जागी लहान झाले. मग त्यांना एकदम काही आठवलं. खिशातून पुडी काढून त्यांनी तो दाणा अक्कांपुढे धरला. मवाळ आवाजात म्हणाले की त्या दिवशी दुसऱ्या मडक्यातला हा एक दाणा तुझाच होता ना? मला वाटलंच होतं. अक्का दाण्याकडे बघून गोंधळल्या. “एक दाना कोन टाकस? मी ते मूठभर टाकी व्हती. तुम्हनाच मडकामा.”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं की तो दाणा माझा. दाखवायला टाकलेला. काढायचा राहिला. नानांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं पाहणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण नंतर त्यांनी अक्कांकडे पाहिलं, आणि त्यांच्या काय ते लक्षात आलं असावं. जिने मूठ भरून त्यांना मालक केलं, तीच त्यांना नाही म्हणत होती. खिशातल्या एका दाण्यापेक्षा हे पुष्कळच जास्त होतं. “मग तूर बाहेर काढा,” ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, ती सकाळीच काढली. तुम्हाला सांगायला तेवढं आलो.

निम्मी तूर वाचली. बाकीची गुरांच्या खाण्यात गेली. त्या शेतकऱ्यांना भरपाई म्हणून काय द्यायचं हे ठरवायला सभा भरली, आणि ते ठरल्यावर अक्कांनीच दुसरा विषय काढला, की आता मालकाचं काय करायचं. मी उत्साहाने मडकी आणायला उठलो. अक्का म्हणाल्या, मडकं नको भाऊ, तोंडाने सांगू. मग एकेकाने उभं राहून नानांच्या तोंडावर सांगितलं. सुपडू मिस्तरीने सांगितलं की नाना माणूस देव आहे, पण देवाने देवळात बसावं, यंत्राजवळ येऊ नये. एका बाईने रडत रडत सांगितलं. एक जण दोनदा उभा राहिला, कारण पहिल्यांदा घाबरून ‘हो’ म्हणाला होता. चोवीसच्या चोवीस जणांनी नानांना कामावरून काढलं. त्या जागी पाच जणांची समिती आली, दर सहा महिन्यांनी बदलणारी. नाना समोर मान ताठ ठेवून एकेकाचं ऐकत होते. शेवटी मला म्हणाले, “तू काही बोलला नाहीस.” मी म्हणालो, मी केंद्राचा माणूस, मी तटस्थ. नाना म्हणाले, “तू तटस्थ नाहीस. तू नुसताच उभा आहेस.”

पुढच्या महिन्यात नानांना धुळ्याहून बोलावणं आलं. तिथे यंत्रमागावरच्या कामगारांना असंच काही करायचं होतं. जळगावचं काम झालं, असं नानांनी ठरवलं. मी त्यांना सोडायला एस.टी. स्टँडवर गेलो. त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर होती. फलाटावर उभं राहून त्यांनी मला सांगितलं की परवापर्यंत तूही धुळ्याला ये, खोली पाहून ठेवतो. तुझंच गाव आहे, आईच्या हातचं जेवशील.

समितीने मला गिरणीत थांबायला सांगितलं होतं. पत्रव्यवहार, अर्ज, सरकारी कागद, अशी कामं होती. आणि ‘तू नुसताच उभा आहेस’ हे नानांचं बोलणं मी त्या सभेपासून विसरलो नव्हतो. मी पिशवी खांद्यावर सावरली.

“नाही, नाना. मी येत नाही.”

नाना थांबले. “का?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला पंधरा महिन्यांत कधी विचारला नव्हता, कारण वेळच आली नव्हती. मी म्हणालो, इथे माझी गरज आहे. ते म्हणाले, इथले लोक आता बोलायला लागले, तुझी काय गरज? मी म्हणालो, म्हणूनच. जे बोलतात ते लिहून घ्यायला कोणीतरी हवं. ते म्हणाले, गयाअक्काची नात लिहील. मी म्हणालो, ती अजून चौथीत आहे. ते म्हणाले, तुझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे तिचं. हे खरं होतं, पण मी मागे हटलो नाही. धुळ्याची गाडी लागली आणि गेली. मी म्हणालो की माझं गाव आहे म्हणूनच मला तिथे जायचं नाही, तिथे लोक मला ओळखतात. ते म्हणाले की हा पळपुटेपणा झाला. मी म्हणालो की तुमचं प्रत्येक वेळी बरोबरच असतं असं नाही, सावलीतली तूर आठवा. शेजारचा माणूस आपलं गाठोडं घेऊन लांब जाऊन बसला. दुसरी गाडीही गेली. नानांचे डोळे चमकत होते. इतकं तरतरीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या गाडीत कंडक्टरने त्यांना जवळजवळ ढकलूनच बसवलं. गाडी सुरू झाली. नानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हातवारे करत मोठमोठ्याने बोलायला लागले. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं. पण मीही आता कच्चा राहिलो नव्हतो. मी फलाटावर पाय रोवून जोरजोरात मान हलवली: नाही. ते आणखी ओरडले, आणखी हात केले. मी आणखी जोरात मान हलवली. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी मी मान हलवतच होतो. एवढं स्वतंत्र मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्याच तंद्रीत गिरणीपर्यंत चालत आलो, आणि तिथे गयाअक्कांनी विचारलं, भाऊ, नानांची पिशवी तुमच्याच खांद्याला कशी?

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. “नाही म्हणायला शिकलास, आनंद झाला. कधी म्हणू नये तेही शीक. चार दिवस एकाच धोतरावर आहे. पिशवी पाठव.”